एकाच सूर्याचे तीन आकडे: गोव्यातले ऊन मोजतात कसे आणि काढतात कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीतल्या घराच्या गच्चीवर ५ किलोवॅटचा सौर संच बसवायचा आहे. विक्रेता म्हणतो रोज २५ युनिट मिळतील. तुम्ही स्वतः शोधलेत तर एका संकेतस्थळावर गोव्याचे सरासरी ऊन ५.३ निघाले, दुसऱ्यावर ५.७, आणि कुणीतरी दिलेल्या जुन्या तक्त्यात ४७०. सूर्य एकच, गाव एकच, मग आकडे वेगवेगळे कसे? हे लोक ऊन मोजतात की नुसते काढतात?

आधी निकाल सांगतो, मग कारणे. तुमचे तिन्ही आकडे बहुधा खरे आहेत. विक्रेत्याचा २५ हा आकडाही खोटा नाही, फक्त तो एप्रिलचा आहे. त्याने तो बारा महिन्यांना लावला, एवढीच त्याची हुशारी.

४७० चे कोडे सर्वांत सोपे. जुने तक्ते दर चौरस सेंटिमीटरला दिवसभरात किती कॅलरी ऊर्जा पडते ते सांगत. त्याला ०.०११६ ने गुणले की दर चौरस मीटरला किलोवॅट-तास मिळतात. ४७० गुणिले ०.०११६ म्हणजे ५.४५. म्हणजे तो तक्ता तुमच्या दोन्ही संकेतस्थळांच्या मधोमध बसतो. काही ठिकाणी मेगाजूल दिलेले असते, त्याला ३.६ ने भागायचे. निम्मे वाद इथेच मिटतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

उरले ५.३ आणि ५.७. त्यासाठी ऊन छपरापर्यंत येते कसे ते थोडे बघावे लागेल.

वातावरणाच्या वर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट पडतात. जुन्या पुस्तकांत १३६७ सापडेल. उपग्रहांवरची उपकरणे सुधारली तसा तो आकडा खाली आला, सूर्य मंदावलेला नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल असल्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब. त्यामुळे हा आकडा वर्षभरात सव्वातीन-साडेतीन टक्के वर-खाली होतो. पुढचे सगळे भूमितीचे काम. गावाचा अक्षांश, वर्षातला दिवस आणि घड्याळातली वेळ दिली की सूर्य कुठे आहे हे कागदावर काढता येते. इथे अंदाजाचा भाग जवळजवळ नाहीच. तुमचा नातू पन्नास वर्षांनी हे गणित करील तेव्हा त्यालाही हेच उत्तर येईल.

या गणितातून गोव्यासाठी एक गोष्ट निघते, ती ऐकून बहुतेक जण चकित होतात. आपला अक्षांश साधारण साडेपंधरा अंश. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास. मधले तीन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वातावरण नसतेच असे धरले तर पणजीच्या सपाट जमिनीवर मेच्या मध्यावर दिवसाला १०.७ किलोवॅट-तास पडले असते, जुलैच्या मध्यावर १०.६ आणि डिसेंबरात ७.८. म्हणजे वरून येणारा माल मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांत सारखाच. तरीही खाली मेमध्ये आमसुले दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात आणि जुलैत दोरीवरचे कपडे आठवडाभर दमट राहतात. हा सगळा फरक हवेने आणि ढगांनी केलेला आहे.

आता त्या हवेकडे. सूर्य डोक्यावर असताना किरणांना वातावरणाची एक जाडी ओलांडावी लागते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर तीच वाट दुप्पट होते आणि मावळतीला कित्येक पट. या वाटेत तीन प्रकारची वजावट होते. हवेचे रेणू किरणांना इकडेतिकडे फेकतात, निळ्याला जास्त आणि तांबड्याला कमी. वरचा ओझोन अतिनील भाग खातो. तिसरी वजावट पाण्याच्या वाफेची. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात मोठे घास घेते, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तिला कमी लेखू नये. दमट हवेत एकट्या वाफेने दहा ते पंधरा टक्के ऊर्जा वाटेतच शोषली जाते. आकाश निळेभोर दिसत असते, तरी ती वजावट चालूच असते.

याउपर धूळ, धूर आणि मीठ. गोव्याची हवा स्वच्छ असा आपला एक समज आहे. पावसाळ्यानंतर तो बऱ्यापैकी खरा असतो. पण डिसेंबर ते मार्च या काळात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि उपखंडाचा धूर घेऊन अरबी समुद्रावर पसरतो. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत हा तपकिरी धूसरपणा नीट मोजला गेला. मे महिन्यात त्यात अरबस्तानाकडची धूळ येऊन मिसळते. खाणींच्या पट्ट्यात, म्हणजे तुमच्याच डिचोलीपासून खाली सांगे-कुडचड्यापर्यंत, ट्रक धावत असतील त्या काळात लाल माती हवेतही असते आणि पॅनेलवरही बसते. पॅनेलवरची धुता येते.

हे सगळे होऊन स्वच्छ दिवशी, एप्रिलअखेरच्या दुपारी, वरच्या साधारण १३४० वॅटपैकी सपाट जमिनीवर १००० च्या आसपास पोहोचतात. त्यातला मोठा हिस्सा थेट सूर्याच्या दिशेने येतो आणि शंभर-दीडशे वॅट उरलेल्या आकाशातून, विखुरलेला प्रकाश म्हणून. आमच्या धंद्यात सपाट पृष्ठभागावरच्या एकूण उन्हाला जीएचआय म्हणतात, आणि सूर्याकडे तोंड करून मोजलेल्या फक्त थेट किरणांना डीएनआय. संकेतस्थळावरचा आकडा यांपैकी कोणता हे नीट वाचा. तिसराही एक प्रकार असतो, तिरप्या पॅनेलच्या पृष्ठभागावर पडणारे ऊन. तो आकडा जीएचआयपेक्षा थोडा मोठा येतो, आणि माहितीपत्रकात तोच छापायला लोकांना आवडते. तुमचे ५.७ तिरप्याचे आणि ५.३ सपाटाचे असेल, तर भांडण बरेचसे तिथेच मिटले.

राहिले ढग. ढग ऊर्जा फारशी खात नाहीत, ते ती वर परत पाठवतात. जाड काळा ढग वरच्या ऊर्जेचा दहावा-पाचवा हिस्साच खाली सोडतो. पातळ, पिसांसारखे उंचावरचे ढग एकूण ऊन फार कमी करत नाहीत, पण थेट किरणांची धार घालवतात. सावली पुसट झाली की समजायचे. आणि एक उलटा प्रकार आहे जो नवख्यांना खोटा वाटतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात पांढरे फुटके ढग असतात. सूर्य दोन ढगांच्या फटीत आला की थेट किरण तर येतातच, शिवाय ढगांच्या चकचकीत कडांवरून परावर्तित प्रकाशही येतो. अशा वेळी काही सेकंद ते एखादे मिनिट १२०० वॅटच्या वर आकडा गेलेला दिसतो. यंत्र बिघडले म्हणून ते आकडे पुसून टाकणारे अभियंते मी पाहिले आहेत. ते आकडे खरे असतात, आणि इन्व्हर्टर व फ्यूज निवडताना लक्षात घ्यायचे असतात.

आता मोजण्याबद्दल. जमिनीवर ऊन मोजायचे मुख्य यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. काळ्या रंगाची एक चकती, तिच्यावर काचेचे दोन घुमट. चकती तापते आणि आतल्या अनेक सूक्ष्म जोडांतून तापमानाच्या फरकाइतका बारीकसा विद्युतदाब निघतो. जगभरची अशी यंत्रे शेवटी स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथल्या संदर्भ उपकरणांशी जुळवलेली असतात. चांगल्या यंत्राने नीट देखभाल करून काढलेल्या दिवसाच्या बेरजेतही दोन-तीन टक्क्यांची धाकधूक धरावी लागते. गोव्यात 'नीट देखभाल' हे शब्द जड जातात. समुद्राजवळ घुमटावर मिठाचा थर चढतो, हिवाळ्यातल्या पहाटे दव बसते, पावसाळ्यात कडेला शेवाळ धरते, आणि आतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी रंग बदलून बसते तरी कुणी बघत नाही. कावळ्यांना तर तो घुमट बसायला फारच आवडतो. म्हणून मोजलेला आकडा तेवढा पवित्र आणि काढलेला तेवढा संशयास्पद, हे मला पटत नाही. आठवडाभर न पुसलेल्या यंत्रापेक्षा चांगले उपग्रह-गणित बरे.

भारतात हे काम पद्धतशीर सुरू झाले ते १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने. हवामान खात्याच्या पुण्यातल्या कचेरीत अण्णा मणी या शास्त्रज्ञ होत्या. परदेशी यंत्रांवर विसंबून राहायचे नाही, इथेच बनवायची, इथेच एकमेकांशी ताडून बघायची, हा त्यांचा आग्रह. १९८० च्या सुमारास त्यांनी देशातल्या केंद्रांच्या उन्हाचे जे तक्ते छापले, त्यांत मुंबई, पुणे, मंगळूर यांच्याबरोबर गोवाही आहे. तुमच्या हाती आलेला ४७० वाला तक्ता त्याच परंपरेतला असणार. पुढे २०११ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने, तेव्हा तिचे नाव वेगळे होते, सौर प्रकल्पांसाठी खास मोजणी केंद्रांचे जाळे उभारले. पहिल्या टप्प्यात ५१ केंद्रे. एवढा मोठा देश आणि मोजकी केंद्रे. म्हणजे तुमच्या गच्चीवरचे ऊन कुणीही मोजलेले नाही. ते काढलेलेच आहे. प्रश्न फक्त कशावरून काढले, हा.

सर्वांत जुनी रीत सूर्यप्रकाशाच्या तासांची. वेधशाळेत काचेचा एक भरीव गोळा असतो, त्याच्या मागे जाड कागदाची पट्टी. ऊन असेल तेवढा वेळ गोळ्यातून एकवटलेले किरण पट्टीवर जळकी रेघ ओढतात. संध्याकाळी रेघेची लांबी मोजायची. किती साधे यंत्र, ना वीज ना तारा. थेट किरणे साधारण १२० वॅटच्या वर असली की 'ऊन आहे' असे धरतात. मग सूत्र असे: जमिनीवरचे ऊन भागिले वातावरणाबाहेरचे ऊन, बरोबर 'अ' अधिक 'ब' गुणिले उन्हाच्या तासांचे दिवसाशी प्रमाण. 'अ' म्हणजे पूर्ण मळभ असतानाही खाली येणारा हिस्सा. 'अ' आणि 'ब' प्रत्येक ठिकाणी मोजणीवरून बसवावे लागतात. गोव्यासाठी प्रसिद्ध झालेली जोडी ०.३० आणि ०.४८ अशी आहे. ती नसेल तर जगभर ०.२५ आणि ०.५० वापरतात.

करून बघा. एप्रिलमध्ये साधारण १२.३ तासांचा दिवस, त्यात समजा साडेनऊ तास स्वच्छ ऊन. प्रमाण ०.७७. त्याला ०.४८ ने गुणून ०.३० मिळवले की ०.६७. एप्रिलच्या मध्यावर वरचा आकडा १०.५, म्हणून खाली सुमारे ७. जुलैत दिवस १२.८ तासांचा, ऊन समजा तीनच तास. प्रमाण ०.२३, उत्तर ०.४१, खाली ४.४. एका कागदावर, पाच मिनिटांत, उपग्रहाशिवाय. हे सूत्र रोजच्या दिवसाला लावू नका, महिन्याच्या सरासरीला लावा. तिथे ते अजूनही लाज राखते.

दुसरी रीत तापमानाची, आणि तिच्याबद्दल गोव्यात सावध राहायला हवे. कल्पना अशी की आकाश मोकळे असेल तर दिवसा जास्त तापते आणि रात्री जास्त निवते, म्हणून कमाल व किमान तापमानातल्या फरकाचे वर्गमूळ घेऊन त्यावरून ऊन काढता येते. शेतीला पाणी किती द्यायचे याच्या हिशेबात हे सूत्र सर्रास वापरतात, किनाऱ्यासाठी गुणक ०.१९ धरून. पणजीला जानेवारीत साधारण ३२ आणि २० धरा. फरक १२, त्याचे वर्गमूळ ३.४६, गुणकासह ०.६६. वरचे ऊन ८.१, उत्तर ५.३. झकास जमले. आता एप्रिल घ्या: ३३ आणि २५.५. फरक साडेसात, उत्तर साडेपाच. पण एप्रिलचे खरे ऊन सातच्या जवळ असते! आकाश मोकळेच आहे, पण हवेत वाफ भरलेली आणि शेजारी कोमट समुद्र, त्यामुळे रात्र निवत नाही. सूत्राला वाटते ढग आले. म्हणून गोव्याच्या किनारपट्टीचा कुठलाही आकडा तापमानावरून काढलेला असेल तर मी तो उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवतो. याच चुकीची दुसरी बाजू रोजच्या बोलण्यात आहे. उकडते म्हणजे ऊन जास्त, असे आपण धरून चालतो. मेच्या अखेरीस, मिरगाच्या आधी जी घामाची चिकचिक असते, तेव्हा मळभामुळे ऊन मार्चपेक्षा कमीच पडत असते.

तिसरी रीत उपग्रहाची, आणि आज तुम्ही संकेतस्थळांवर जे बघता ते बहुतेक याच रीतीचे. आपल्या इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस सारखे, किंवा हिंदी महासागरावर उभे असलेले युरोपचे मेटिओसॅट, विषुववृत्ताच्या वर एका जागी स्थिर राहून सारखे खाली बघत असतात. तत्त्व सोपे आहे. वरून जागा जितकी उजळ दिसेल तितका ढग दाट, आणि तितके खाली ऊन कमी. प्रत्येक ठिकाणासाठी दोन टोके ठरवायची: ढग नसताना जमीन किती काळी दिसते आणि दाट ढग असताना किती पांढरी. आजचे चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते त्यावरून ढगांचा निर्देशांक. मग निरभ्र दिवशी किती ऊन पडले असते हे वाफ आणि धुळीच्या आकड्यांवरून काढायचे आणि त्यातून ढगांची वजावट करायची.

गोव्यात यातली मेख 'जमीन किती काळी' इथे आहे. आपले सडे बघा. श्रावणात हिरवेगार, डिसेंबरात पिवळे वाळके गवत, एप्रिलमध्ये उघडा तांबडा जांभा. प्रत्येक वेळी उजळपणा वेगळा. पावसाळ्यात तर कित्येक आठवडे एकही निरभ्र चित्र मिळत नाही, मग 'ढग नसतानाची जमीन' शोधायची कुठून? गणित करणारे मागचे-पुढचे दिवस धरून वेळ मारून नेतात. किनाऱ्यावर एकाच चौकोनात अर्धा समुद्र आणि अर्धी वाळू असते, समुद्र काळा आणि वाळू पांढरी. काही वेळा सूर्याचे प्रतिबिंबच पाण्यावरून थेट उपग्रहाच्या डोळ्यात जाते. हे दोष माहीत आहेत, चांगल्या माहितीसंचांत ते सावरलेलेही असतात, पण पूर्ण गेलेले नाहीत.

आणि चौकोनाचा आकार. तुमच्या ५.३ आणि ५.७ मधल्या फरकाचे दुसरे संभाव्य कारण हेच. नासाचे पॉवर नावाचे संकेतस्थळ फुकट आणि वापरायला सोपे, म्हणून सगळे तिथेच जातात. त्यातल्या उन्हाचा एक चौकोन एक अंश बाय एक अंशाचा, म्हणजे बाजू शंभर किलोमीटरहून अधिक. आपला सबंध गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम तेवढाच. आता नकाशा उघडा. ७३ ते ७४ रेखांशांचा जो चौकोन आहे त्यात पणजी, म्हापसा आणि तुमची डिचोली येते, पण त्याचा बहुतांश भाग अरबी समुद्र आहे. वाळपई ७४ च्या पलीकडे, म्हणून ती पुढच्या चौकोनात, बेळगाव-खानापूर-दांडेलीच्या पंगतीत. म्हणजे डिचोलीचे ऊन म्हणून तुम्हाला समुद्राचे मिळते आणि सत्तरीचे म्हणून कर्नाटकाच्या पठाराचे. डिचोली ते वाळपई अंतर ते काय! युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए-५ या माहितीसंचाचे चौकोन पाव अंशाचे आहेत, पण तिथे ढग मुळात बघितलेले नसतात, हवामानाच्या प्रारूपाने घडवलेले असतात. जागतिक बँकेने उघडा केलेला ग्लोबल सोलर ॲटलास त्या मानाने बारीक आहे, आणि डोंगरांची सावलीही धरतो. घरगुती संचासाठी मी तोच बघायला सांगतो.

सह्याद्रीमुळे हा बारीकपणा आपल्याकडे महत्त्वाचा ठरतो. नैर्ऋत्येचा वारा घाटाला अडून वर चढतो आणि तिथे ढग साचतात. कळंगुटला चवथीच्या दिवसांत ऊन-पावसाचा खेळ चालू असतो तेव्हा केरी-सत्तरीला गच्च काळोख असू शकतो. हिवाळ्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या दऱ्यांत सकाळी धुके रेंगाळते, शिवाय पूर्वेला डोंगर असल्याने सूर्य उशिरा वर येतो. उलट किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने दुपारनंतर धूसरपणा वाढतो. डिचोली मधली आहे. मी तिला किनाऱ्यापेक्षा थोडी कमी आणि वाळपईपेक्षा बरी धरीन.

वेळेबद्दल एक उपसूचना, कारण तासातासाचे आकडे उतरवून घेणारे इथे हमखास अडकतात. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि आपण चौऱ्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे खरी दुपार बाराला होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास होते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पाऊण वाजता. बरेच माहितीसंच जागतिक वेळेत असतात, साडेपाच तास मागे. अर्धा तास चुकून इकडेतिकडे झाला की दिवसाची बेरीज बरोबर येते, पण पश्चिमेकडच्या पॅनेलचा हिशेब बिघडतो आणि दोष यंत्राला जातो.

आता तुमचे छप्पर. सपाटाचे ऊन तिरप्या पॅनेलवर नेण्यासाठी आधी थेट आणि विखुरलेला भाग वेगळा करावा लागतो. वरच्याचा किती हिस्सा खाली आला, त्यावरून विखुरलेल्याचा अंदाज बांधतात. ही कल्पना लिऊ आणि जॉर्डन यांनी १९६० साली मांडली, पुढच्यांनी सुधारली. एप्रिलमध्ये हा हिस्सा दोन तृतीयांशांच्या आसपास, थेट किरणे भरपूर, म्हणून पॅनेलची दिशा महत्त्वाची. जुलैत तो चाळीस टक्क्यांच्या घरात, आणि आलेल्यातलाही अर्ध्याहून बराच भाग विखुरलेला. तो सगळ्या आकाशातून येतो, त्याला दिशा नाही. तेव्हा पॅनेल कुठेही तोंड करून ठेवा, फारसे बिघडत नाही.

दक्षिणेकडे १५ अंश कल दिला तर डिसेंबरच्या दुपारी थेट किरणांत सतरा टक्क्यांची भर पडते. जून-जुलैत सूर्य उत्तरेला, म्हणून थोडे नुकसान. वर्षाच्या बेरजेत नफा चार-पाच टक्क्यांच्या घरातच राहतो. त्यामुळे गच्चीवर उंच सांगाडा उभारून अचूक कोन साधायला कुणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. पूर्व-पश्चिम उताराचे कौलारू छप्पर असेल तरी आपल्या अक्षांशावर ते बाद नाही. १० अंश कल मात्र ठेवाच, नाहीतर पावसाचे पाणी खालच्या कडेला साचून शेवाळ आणि मातीची पट्टी धरते.

यापुढे उन्हातून विजेकडे. उष्णता, तारा, इन्व्हर्टर, धूळ हे सगळे वजा जाता, पॅनेलच्या छापील किलोवॅटनुसार जेवढी वीज मिळायला हवी तिच्या साधारण तीन-चतुर्थांश हाती लागते. उन्हाळ्यात त्याहून थोडी कमी, कारण सेल तापले की प्रत्येक अंशाला तीन-साडेतीन दशांश टक्के वीज घटते. पावसाळ्यात थोडी जास्त, कारण पॅनेल थंड आणि धुतलेले. तुमच्या ५ किलोवॅटला एप्रिलमध्ये ७ गुणिले ५ गुणिले ०.७३, म्हणजे रोज २५ युनिट. हा विक्रेत्याचा आकडा. जुलैत सपाटाचे ऊन चारच्या आसपास धरून १५-१६. डिसेंबरात ऊन पाचच्या थोडे वर, कलामुळे भर, म्हणून २१-२२. वर्षाचे सगळे मिळून ७,००० ते ७,६०० युनिट, आणि वर्षावर्षांत पावसाप्रमाणे काही टक्के इकडेतिकडे. रोज २५ प्रमाणे ते ९,१२५ होतात. पैसे किती वर्षांत फिटतील याचा जो कागद त्याने तुम्हाला दिला असेल, तो या फरकाने वर्षभराने तरी लांबेल.

म्हणून ५.३ की ५.७ यावर झोप घालवू नका. तो फरक सात टक्क्यांचा. तुमच्या गच्चीच्या दक्षिणेला माड किंवा आंबा असेल तर एकटा तोच त्याहून जास्त खाऊन जाईल. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवरच असतो, सकाळी नऊला आणि दुपारी चारला तर बराच खाली. ऑगस्टमध्ये गच्ची बघायला आलेल्या माणसाला ती सावली दिसणार नाही. विक्रेत्याला डिसेंबरच्या सावलीचा आराखडा मागा, बारा महिन्यांचे वेगवेगळे युनिट लेखी मागा, आणि उन्हाचे आकडे कुठल्या माहितीसंचातून, कुठल्या वर्षांचे, सपाटाचे की तिरप्याचे हे त्यावर लिहून घ्या. जुलैच्या रकान्यात त्याने २० च्या वर काही लिहिले असेल तर दुसरा विक्रेता बघा.